गोठ्यातली शाळा : भाग ६
पोट सुटलं म्हणजे पोट घडलं नव्हे

गेल्या आठवड्यात चिकाविषयी लिहिलं. पहिल्या तासा-दोन तासांत चीक पोटात गेला की वासरू तगतं. आज पुढची पायरी, त्याचं पोट घडवण्याची.

गोठ्यात एक दृश्य हमखास दिसतं. दोन-अडीच महिन्यांची कालवड, पुढ्यात कडब्याची कुट्टी, केस राठ, पाठीचा कणा वर आलेला आणि पोट मात्र घागरीएवढं. मालक कौतुकानं सांगतो, ‘डॉक्टर, चारा लई खाती!’ पण ते पोट न पचलेल्या चाऱ्यानं ताणलेलं असतं. कधी आत जंतही असतात.

वासराला जन्मतः गायीसारखीच चार पोटं असतात : कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरं पोट. कामाला लागलेलं असतं ते फक्त शेवटचं. एकूण जागेपैकी सुमारे ६० टक्के जागा त्याचीच. मोठ्या गायीत हेच गणित उलटतं, जवळजवळ ८० टक्के जागा कोटीपोट घेतं. वासरू दूध ओढू लागलं की अन्ननलिकेच्या टोकाशी असलेल्या घडीची नळी होते आणि दूध कोटीपोटाला वगळून थेट खऱ्या पोटात उतरतं. म्हणून नुसत्या दुधावर वाढलेलं वासरू गुटगुटीत दिसलं, तरी त्याचं कोटीपोट कच्चंच राहतं.

कच्चं म्हणजे कसं? वजडी साफ करताना टॉवेलासारखी लव हाताला लागते ना, ती तिथे नसते. पचलेल्या अन्नाचा कस रक्तात शोषून घेण्याचं काम ही लव करते.

ती कशानं उगवते, याचा छडा १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात वॉर्नर, फ्लॅट, लूसली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लावला. वासरांच्या कोटीपोटात स्पंज ठेवले, तेव्हा पोट वाढलं, पण लव आली नाही. ब्युटिरिक आणि प्रोपिओनिक आम्लांचे क्षार सोडले, तेव्हा मात्र ती उगवली. धान्य कोटीपोटात आंबलं की हीच आम्लं भरपूर तयार होतात. कडब्यातून मिळतं ते मुख्यतः ॲसिटिक आम्ल. त्यानं लव फारशी वाढत नाही. चाऱ्यानं पोटाचे स्नायू बळकट होतात, रवंथ सुरू होतो. चारा हवाच, पण थोडा आणि मऊ.

म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून खुराक, म्हणजे काफ स्टार्टर, सुरू करा. घरी करायचा तर १०० किलोला मक्याचा भरडा ५०, सोयाबीन पेंड ३०, गव्हाचा कोंडा १७, खनिज मिश्रण २ आणि मीठ १ किलो. यातून साधारण २० टक्के प्रथिनं मिळतात. गायीसाठी आणलेली सरकी पेंड यात मिसळू नका; तिच्यातलं गॉसिपॉल वासराला बाधतं. युरिया तर मुळीच नको. यीस्ट किंवा प्रोबायोटिकच्या पुड्यांचा काही वेळा उपयोग होतो, पण त्या खुराकाची जागा घेत नाहीत.

दूध पाजून झालं की चिमूटभर खुराक वासराच्या ओठांना लावा. ते जीभ फिरवतं आणि चव कळते. उरलेला खुराक रोज काढून ताजा ठेवा. संकरित वासरू सलग तीन दिवस रोज किलोभर खाऊ लागलं, की दूध हळूहळू तोडायला हरकत नाही. तारखेपेक्षा हा हिशेब खरा.

आणि पाणी! ‘दूध पितंय की, पाणी कशाला?’ हा प्रश्न मला दर गावात विचारला जातो. दूध कोटीपोटात जातच नाही; तिथल्या जिवाणूंना लागतं ते पाणीच. पाण्याशिवाय धान्य आंबत नाही, वासरू खुराकही कमी खातं.

पुढच्या आठवड्यात जंतांच्या औषधाविषयी. तोवर एवढं करा : आज संध्याकाळी धार काढून झाली की वासरापुढे दोन घमेली ठेवा, एकात स्वच्छ पाणी, दुसऱ्यात मूठभर खुराक.