ना तोंड, ना आतडे; पट्टकृमीचा कारभार ग्रंथींवर

मलकापूर (ता. कऱ्हाड) - ‘घरात कोणी मांसाला शिवत नाही, मग मेंदूत जंताची गाठ आली कशी?’ फिट येणाऱ्या रुग्णाच्या मेंदूत पट्टकृमीच्या अळीची गाठ आढळली, की नातेवाइकांना पडणारा हा पहिला प्रश्न. कृष्णा वैद्यकीय महाविद्यालयामुळे मलकापुरात १९८४ पासून सातारा, सांगलीच्या खेड्यांतून उपचारांसाठी माणसे येतात. त्यांच्या या प्रश्नाचे उत्तर पट्टकृमीच्या सूक्ष्म ग्रंथींमध्ये दडले आहे.

डुकराच्या मांसातून माणसात येणारा पट्टकृमी साधारण दोन ते चार मीटर लांब वाढतो. त्याला तोंड नाही, आतडे नाही. आकड्यांच्या आणि चूषकांच्या आधारे तो माणसाच्या आतड्याला चिकटून राहतो आणि पचलेले अन्न थेट त्वचेतून शोषून घेतो. अन्नासाठी श्रम नसल्याने त्याची बहुतेक शक्ती अंडी तयार करण्यात खर्च होते.

प्रत्येक खंडात अंड्यांचा कारखाना

त्याचे शरीर शेकडो खंडांचे असून, परिपक्व खंडात नर व मादी अशी दोन्ही जननेंद्रिये असतात. खंडाच्या मागील कडेजवळ अंडाशय आणि त्याच्या मागे पीतक ग्रंथी असते. अंडपेशीसोबत जाणारी पीतक पेशी ही ग्रंथी पुरवते. या पेशीतून अंड्याचे बाहेरचे आवरण आणि पोषण मिळते. अंडे जेथे आकार घेते, त्या छोट्या कक्षाभोवती मेहलिस ग्रंथीच्या पेशींचे कडे असते. जर्मन वैद्य मेहलिस यांच्या नावाने ती ओळखली जाते. तिचा स्राव अंड्याच्या जडणघडणीस साहाय्य करतो.

माशांतून पसरणाऱ्या पट्टकृमीत पीतक ग्रंथी खंडभर विखुरलेल्या असतात व त्यांच्या द्रव्यापासून अंड्याचे कवच कठीण होते. डुकराच्या पट्टकृमीत ती एकच, आटोपशीर ग्रंथी असते आणि बाहेरचे आवरण पातळ राहून गळून पडते. आतील भ्रूणाच्या पेशी मात्र स्वतःभोवती जाड, रेषांकित कवच उभारतात. एका पक्व खंडात अशी हजारो अंडी भरतात. खंड विष्ठेवाटे बाहेर पडतात आणि कवचामुळे अंडी ओल्या मातीत दीर्घकाळ टिकून राहतात.

आत शिरण्याची किल्ली

भ्रूणाला सहा आकडे असतात आणि त्याच्यापाशी वेधक ग्रंथी असतात. अंडे पोटात गेले, की पाचक रस व पित्त कवच मोडतात. मोकळा झालेला भ्रूण आकड्यांनी आतड्याचे अस्तर ओरबाडतो, तर ग्रंथींचा स्राव त्याला ऊतींत वाट करून देतो. रक्तातून तो स्नायू, डोळा किंवा मेंदूत पोहोचतो. तेथे पाण्याच्या फुगडीसारखी गाठ तयार होते.

शाकाहारी व्यक्तीच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. अर्धकच्चे डुकराचे मांस खाल्ल्यास अळी पोटात जाते व आतड्यात जंत वाढतो. मेंदूतील गाठ मात्र अंडी पोटात गेल्याने होते. मैल्याने दूषित पाणी, न धुतलेली कोथिंबीर, मुळा, काकडी अथवा घरातच जंत असलेल्या माणसाचे न धुतलेले हात, यांपैकी कोणताही मार्ग त्यासाठी पुरेसा आहे. डुकरे मोकाट फिरतात व उघड्यावर शौच होते अशा अनेक भागांत, जागतिक आरोग्य संघटनेनुसार, अपस्माराच्या सुमारे ३० टक्के रुग्णांमागे हा जंत असतो.

लसही भ्रूणापासूनच

भ्रूणाची ही किल्लीच त्याच्यावर उलटवण्याचा मार्ग संशोधकांनी शोधला आहे. भ्रूणातील ‘टीएसओएल १८’ या प्रथिनावर आधारित लस डुकरांसाठी उपलब्ध असून, तिची निर्मिती हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्सने केली आहे. माणसांसाठी मात्र लस नाही. त्यामुळे शौचालयाचा वापर, साबणाने हात धुणे, भाज्या वाहत्या पाण्यात चोळून धुणे आणि मांस पूर्ण शिजवणे हेच खरे उपाय ठरतात.

फिट येत असल्यास जंताची गोळी परस्पर घेणे धोक्याचे आहे. मेंदूतील अळी मरताना सूज वाढू शकते. म्हणून आधी मेंदूची तपासणी करून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच उपचार घ्यावेत आणि घरातील इतरांचीही जंतासाठी तपासणी करून घ्यावी.