खिशांतील यंत्राचा धनी कोण ?

स्मार्टफोन विकत घेणारा गृहस्थ त्या यंत्राचा धनी होतो, असा सर्वसाधारण समज आहे. पावती त्याच्या नांवें असते हें खरें. पण कांहीं वर्षांनीं कंपनी सुधारणा पाठविणें बंद करते, आणि पडदा, बॅटरी, कॅमेरा सारें शाबूत असतांहि फोन असुरक्षित होऊन कपाटांत पडतो. धड चालणारी वस्तु केवळ दुसऱ्याच्या मर्जीनें टाकाऊ व्हावी, हें ज्यांस खटकलें अशी मंडळी फोनवर स्वतंत्र लिनक्स चालविण्याच्या खटपटींत आहेत.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे यंत्राचा कारभारी. त्याच्या परवानगीवांचून एकहि ॲप पाऊल टाकीत नाहीं. लिनक्स हा अशा कारभाऱ्याचा गाभा होय. हेलसिंकी विद्यापीठांतील विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स यानें तो १९९१ सालीं लिहिला, आणि १९९२ पासून अशा परवान्याखालीं दिला कीं, कोणीहि तो पाहावा, बदलावा व वांटावा.

गंमत अशी कीं, ज्या अँड्रॉइडवर जगांतील बहुतेक फोन चालतात त्याचा गाभाहि लिनक्सच आहे. मग अडतें कोठें ? मेजावरच्या संगणकांतील बहुतेक भाग आपली ओळख गाभ्यास आपण होऊन देतात. फोनमध्यें मात्र कोणता भाग कोठें जोडला आहे याची यादी प्रत्येक नमुन्यासाठीं निराळी लिहावी लागते. आणि ते भाग चालविणारे ड्रायव्हर कारखानदार बहुधा एका ठराविक जुन्या गाभ्याशीं जखडून देतो. त्यानें हात काढला कीं, नवा गाभा त्या फोनवर बसत नाहीं. सर्व दुखण्याचें मूळ येथें आहे. बाकीची तक्रार वरवरची.

या अडचणीवर दोन वाटा निघाल्या. पहिली उबुंटू टचची. कॅनॉनिकल कंपनीनें २०१३ सालीं ती सिस्टिम जाहीर केली व २०१७ त अंगाबाहेर टाकली. तेव्हां यूबीपोर्ट्स नांवाच्या स्वयंसेवक मंडळीनें ती उचलली. पुष्कळ फोनांवर ती अँड्रॉइडचेच ड्रायव्हर उसने घेते. त्यामुळें कॅमेरा व कॉल बरे चालतात, पण गाभा जुनाच राहतो. दुसरी वाट २०१७ सालीं सुरू झालेल्या पोस्टमार्केटओएसची : फोनास दहा वर्षांचें आयुष्य द्यावयाचें या हेतूनें मूळ लिनक्सच्या ताज्या गाभ्यांतच त्या त्या फोनासाठीं ड्रायव्हर लिहावयाचे. काम कष्टाचें, म्हणून कोठें कॅमेरा मुका तर कोठें बॅटरी लवकर रिकामी. परंतु टिकाऊपणा ह्याच वाटेवर आहे यांत शंका नाहीं. नोकियांतून बाहेर पडलेल्यांनीं काढलेल्या जोला कंपनीची सेलफिश हीहि येथें आठवते; वापरण्यास ती सुबक, पण तिचा वरचा पोशाख पूर्णपणें खुला नाहीं. खास लिनक्ससाठीं बनविलेले फोनहि निघाले. २०२० सालीं १४९ डॉलरांस मिळणाऱ्या पाइनफोनाच्या पाठीच्या झांकणाखालीं मायक्रोफोन, कॅमेरा, मोडेम बंद करण्याचे खटके होते. कॅमेरा बंद म्हणजे खरोखरच बंद. कंपनीच्या शब्दावर विसंबावयास नको!

आतां रोजच्या व्यवहाराचें पाहूं. निरोप, पत्रव्यवहार, वाचन, गाणीं यांत विशेष अडत नाहीं. खरी परीक्षा बोलण्याची व पैशाची. ४जी जाळ्यावरूनच आवाज नेण्याची व्होल्टी ही पद्धति या फोनांवर सर्वत्र साधलेली नाहीं. भारतांत जिओचें जाळें २०१६ सालीं सुरू झालें तें ४जीवरच. जुनें २जी-३जी तेथें नाहींच. व्होल्टी न जाणणाऱ्या फोनवर त्या सिमवरून इंटरनेट चालेल, साधा कॉल लागणार नाहीं.

पैशाची गोष्ट आणखी बिकट. यूपीआयचीं ॲपें अँड्रॉइड व आयफोन यांसाठींच लिहिलेलीं असतात. लिनक्सच्या पोटांत अँड्रॉइड चालविणारें वेड्रॉइड नांवाचें साधन आहे आणि साधीं ॲपें त्यांत चालतात; परंतु बँकांचीं ॲपें यंत्र गूगलनें मान्य केलेलें आहे काय हें पुष्कळदां तपासतात, व नसल्यास दार लावून घेतात. शिवाय नोंदणीच्या वेळीं त्याच फोनमधील सिमवरून संदेश जावा लागतो. बाजारांत भाजीवाल्यापुढें उभें राहून ही फजिती कोणास परवडणार ? चोरांपासून रक्षण म्हणून घातलेलें हें कुलूप धन्यालाच बाहेर ठेवतें, आणि त्याची दाद कोठें मागावी हें कोणी सांगत नाहीं.

म्हणून तूर्त घरांतला पैशाचा फोन आहे तसा ठेवावा, व कपाटांतील जुना फोन या कामीं घ्यावा. त्या नमुन्याचें नांव दोन्ही मंडळींच्या याद्यांत पाहावें. कॉल, कॅमेरा, वायफाय यांपुढें काय लिहिलें आहे तें नीट वाचावें. २०१८ सालच्या वनप्लस ६ सारखे कांहीं जुने फोन या मंडळींत विशेष आवडते आहेत. बूटलोडरचें कुलूप उघडतांना फोनमधील सर्व मजकूर पुसला जातो. तेव्हां छायाचित्रें आधीं दुसरीकडे उतरवून घ्यावीं, आणि मगच केबल जोडावी.