दैत्यसूदन मंदिर, लोणार

दैत्यसूदन मंदिर हे महाराष्ट्राच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार या गावी असलेले मध्ययुगीन विष्णुमंदिर आहे. उल्कापातामुळे निर्माण झालेल्या खाऱ्या पाण्याच्या सरोवरासाठी लोणार प्रसिद्ध असून, हे मंदिर गावाच्या वस्तीत आहे. जिल्ह्याच्या पश्चिमेकडील मोताळा, धामणगाव बढे या भागातून येणाऱ्यांना बुलढाणा, चिखली व मेहकरमार्गे येथे पोहोचता येते. मंदिर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे.

आख्यायिका

लवणासुर नावाचा दैत्य येथे भूमिगत राहून लोकांना त्रास देत असे. विष्णूने त्याचा वध केला, म्हणून देवास 'दैत्यसूदन' हे नाव पडले, अशी कथा सांगितली जाते. दैत्याचे विवर म्हणजेच सरोवर, अशी श्रद्धा आहे.

वास्तुरचना

मंदिराची लांबी सुमारे १०५ फूट व रुंदी सुमारे ८४ फूट असून विधान अनियमित तारकाकृती आहे. चौरसाचे कोन थोडथोडे फिरवीत गेल्याने बाह्य भिंतीला अनेक कोपरे येतात. त्यामुळे सूर्य सरकेल तशी छायाप्रकाशाची उभी रेघ बदलत जाते. अशा मंदिरांत भिंतीचे कोपरे शिखरापर्यंत चढत जातात. येथे मूळ शिखर आज उरलेले नसल्याने त्या रेषा छताशीच थांबतात.

बाह्य भिंतींवर देवदेवतांच्या मूर्ती आहेत. अंतर्भागातील छतांवर लवणासुराचा व हिरण्यकशिपूचा वध कोरलेला आहे. आत प्रकाश मंद असल्याने डोळे सरावल्यावरच हे शिल्प नीट दिसते.

'हेमाडपंती' ही संज्ञा

हे मंदिर हेमाडपंती म्हणून ओळखले जाते. हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा देवगिरीच्या महादेव (इ.स. १२६०–१२७१) व रामचंद्र या यादव राजांच्या काळातील मंत्री होता. मात्र अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० मधील आहे. म्हणजेच ही पद्धत हेमाडपंताच्या आधी सुमारे दोनशे वर्षे रूढ होती. त्यामुळे या संज्ञेवरून बांधणीची रीत कळते, मंदिराचा निर्माता ठरत नाही.

या रीतीत घडीव दगड चुन्याशिवाय एकमेकांवर बसवितात. खाचा, कुसू आणि दगडांचे स्वतःचे वजन यांवर बांधकाम उभे राहते. छतासाठी कोपऱ्यांवर तिरप्या शिळा ठेवून मधली मोकळी जागा थराथराने लहान करीत नेतात.

जतन

सांधे कोरडे असल्याने त्यांत रुजलेले झाड दगड सरकवू शकते, आणि एक दगड सरकला की त्यावरील भार दुसरीकडे जातो. रंग, चुना वा शेंदूर यांचे थर शिल्पातील बारीक काम झाकून टाकतात. दगडावर कोरलेली नावे मात्र कायमची राहतात. म्हणून दर्शनार्थींनी मूर्तींना तेल वा रंग न लावणे आणि भिंतींवर न लिहिणे, हाही या मंदिराच्या जतनाचाच भाग ठरतो.