बापाचे नाव

बँकेत अज्ञान मुलाच्या नावे खाते उघडताना आम्ही जन्माचा दाखला मागत असू. त्यावर असेल तो बाप. पुढे कोणी काही विचारत नसे. भोसरीसारख्या कामगारवस्तीत, जिथे बिऱ्हाडे कुठून कुठून आलेली, तिथे विचारणार तरी कुणाला?

कायदाही १८७२ पासून हेच मानत आला. लग्न टिकून असताना जन्मलेले मूल त्या नवऱ्याचेच. गर्भधारणेच्या काळात पतिपत्नीची गाठ पडणेच शक्य नव्हते, एवढे सिद्ध केले तरच सुटका. २०२४ मध्ये पुराव्याचा नवा कायदा आला, कलम ११२ चे ११६ झाले. तत्त्व तेच राहिले.

मधल्या काळात डीएनए आले. एका गृहस्थाला न्यायालयाने बायकोसाठी महिना ९०० आणि मुलीसाठी ५०० रुपये पोटगी लावली. मुलगी माझी नाही, हा त्याचा हेका. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. नागपूरला चाचणी झाली, तिच्यावर हरकत आली म्हणून पुन्हा हैदराबादला. दोन्हीकडे उत्तर एकच : हा बाप नव्हे. ६ जानेवारी २०१४ रोजी न्या. चंद्रमौली कुमार प्रसाद आणि न्या. जगदीशसिंग खेहर यांनी गृहीतकापेक्षा विज्ञान वरचढ ठरवले. मुलीची पोटगी थांबली. दिलेले पैसे मात्र परत मागायचे नाहीत, असे बजावले. (५०० रुपयांत एका पोरीचे काय काय भागत असेल, हा हिशेब माझ्यातल्या बँकवाल्याला अजून जमलेला नाही.)

त्या माणसावर अन्याय होत होता, हे मी नाकारत नाही. तरी मला पुण्याच्या एका दांपत्याच्या खटल्यातला २०२३ चा निकाल अधिक पटतो. तिथे नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध करायचा होता आणि त्यासाठी धाकट्या मुलाची चाचणी हवी होती. कौटुंबिक न्यायालयाने आणि उच्च न्यायालयाने ती मान्य केली होती. सर्वोच्च न्यायालयाने नाकारली. आईवरचा आरोप इतर पुराव्याने शाबीत करा, त्यासाठी मुलाला वेठीला धरू नका, असा त्याचा मथितार्थ. भांडण दोघा मोठ्यांचे. रक्त मुलाचे का काढायचे?

कायद्याने अनौरस मुलालाही जन्मदात्याकडून पोटगी मागता येते. पण त्यासाठी आईने भर न्यायालयात दुसऱ्या पुरुषाचे नाव घ्यायचे. लग्नाचा नवरा असताना तेही सहसा चालत नाही, हे केरळच्या एका प्रकरणात जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा स्पष्ट झाले. आणि नवरा बाजूला झालाच, तर त्या दुसऱ्याने नाही म्हणायचे, की पुन्हा चाचणीचा अर्ज.