दहावीचं इंग्रजी : गाईड बाजूला ठेवा, औषधाची बाटली वाचायला द्या!

महाळुंगे (ता. खेड) : महाळुंगे, खालुंब्रे, निघोजे या पट्ट्यात कुठंही उभं राहा, समोर चार-दोन इंग्रजी पाट्या दिसतातच. तरीही मराठी माध्यमातून दहावी झालेलं पोर कंपनीच्या गेटवर फॉर्म भरताना शेजारच्याच्या कागदात डोकावतं. राज्यात पहिलीपासून इंग्रजी 2000 साली सुरू झालं. मग घोडं अडतं कुठं?

बऱ्याच वर्गांत वाचन म्हणजे धडा मोठ्यानं म्हणणं आणि लेखन म्हणजे गाईडमधलं उत्तर उतरवणं. मराठी बहुतांशी लिहिली तशीच वाचली जाते. इंग्रजीत 'नाइफ'च्या सुरुवातीला 'के' लिहायचा, पण उच्चारायचा नाही. अर्थ न कळता मूल स्पेलिंग घोकतं. दहावीच्या कृतिपत्रिकेत मात्र न पाहिलेला उतारा येतो, पत्र येतं, तक्त्यातली माहिती वाक्यांत लिहायची असते. तिथं पाठांतर तोकडं पडतं.

न्यूझीलंडच्या शिक्षिका सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर माओरी मुलांना विचारत, "तुला कोणता शब्द हवाय?" मूल सांगेल तो शब्द कार्डावर लिहून त्याच्याच हातात देत. हे त्यांनी 1963 च्या 'टीचर' या पुस्तकात मांडलं. ती मुलं लहान होती, पण युक्ती नववीलाही चालते. आपल्याकडे तर निम्मं काम आधीच झालंय. शिफ्ट, ओव्हरटाइम, गेटपास, सुपरवायझर, कॅन्टीन हे शब्द घराघरात बोलले जातात. अर्थ माहीत, उच्चार माहीत, राहिलं फक्त स्पेलिंग. असे पन्नास शब्द मुलांनीच गोळा करून भिंतीवर लावले, की त्यातून वाक्यं जुळवता येतात.

शेतकऱ्याच्या घरातलं उत्तम वाचन म्हणजे कीटकनाशकाची बाटली. लेबलवर रंगीत त्रिकोण असतो. लाल आणि पिवळ्यात 'पॉयझन', निळ्यात 'डेंजर', हिरव्यात 'कॉशन'. लाल सर्वांत विषारी, हिरवा सर्वांत कमी. सोबतच्या पत्रकात मराठीही असतं, त्यामुळे दोन्ही भाषा शेजारी ठेवून ताडता येतात. (बाटली रिकामी असली तरी मुलांच्या हाती देऊ नये. लेबलचा मोबाइलवर फोटो काढून द्यावा.) इथं चुकीचं वाचलं तर फक्त मार्क जात नाहीत, हे पोरांना लगेच समजतं.

लेखनासाठी 'पळतं श्रुतलेखन' करून बघण्यासारखं आहे. परिच्छेद वर्गाबाहेरच्या भिंतीवर चिकटवायचा. जोडीतल्या एकानं धावत जाऊन एक वाक्य लक्षात ठेवायचं, परत येऊन सांगायचं, दुसऱ्यानं लिहायचं. मग अदलाबदल. वाचन, ऐकणं, लिहिणं एकदमच होतं, आणि मागच्या बाकावरची पोरंही उठतात. गोंगाट होतो, तो होऊ द्यावा.

वही लाल शाईनं रंगवून मात्र काही साधत नाही. एका वेळी एकच प्रकारची चूक दाखवली तर मूल पुढच्या वेळी लिहायला धजावतं.

खेड तालुक्यातल्याच जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेत मुलंच एकमेकांना शिकवतात, त्याला 'विषय मित्र' म्हणतात. 2025 मध्ये ही शाळा जगातल्या सर्वोत्तम शाळांच्या पुरस्काराच्या अंतिम यादीत पोहोचली. माध्यमिक शाळेत परप्रांतीय कामगारांची मुलं शेजारी बसत असतील, तर अशा जोड्या आणखी उपयोगी पडतात.

आई-वडिलांना इंग्रजी येत नसलं तरी बिघडत नाही. बँकेचा मेसेज आला की मुलाला वाचायला सांगावं आणि 'म्हणजे काय?' एवढंच विचारावं. ओटीपी मात्र कुणाला सांगायचा नाही, हेही त्याच वेळी सांगून टाकावं.