साडेपाचशे विरुद्ध भोपळा!

एका कॉलेज टीमने एका सीझनमध्ये ५५० पॉइंट्स कुटले. समोर आलेल्या अकरा टीम्सनी मिळून किती केले, माहीत आहे का? शून्य! अकरा मॅचेस, अकरा भोपळे. एकालाही तो फोडता आला नाही.

साल १९०१. टीम मिशिगन युनिव्हर्सिटीची, गाव अ‍ॅन आर्बर. आणि गेम? अमेरिकन फुटबॉल. नावात फूट, कारभार बराचसा हातांचा!

पण थांबा, आज टीव्हीवर दिसतो तो हा खेळ नव्हे. तेव्हा टचडाउनला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या रेषेपलीकडे नेण्याला, सहा नव्हे, पाच पॉइंट्स मिळत. मैदान ११० यार्डांचं. चेंडू पुढे फेकून पास द्यायला सक्त मनाई. तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरका, नाहीतर चेंडू सोडा. म्हणजे गर्दीच्या वेळची विरार लोकल, फक्त प्रत्येकाला दार पलीकडच्या टोकाला! अशा रेटारेटीत ५५० पॉइंट्स. आता त्या आकड्याकडे परत एकदा बघा.

या टीमचा कोच फील्डिंग योस्ट. मिशिगनमधला त्याचा हा पहिलाच सीझन. टोपणनाव ‘हरी अप’. विठ्ठलाशी काही संबंध नाही, संबंध घाईशी! समोरचे धुळीतून उठून कपडे झटकताहेत तोवर याची पोरं पुढच्या चालीला तयार. पाहुण्यांची दमछाक निम्मी तिथेच व्हायची.

योस्ट स्वतः खेळाडू असतानाचा एक किस्सा माहीत आहे का? १८९६ मध्ये तो वेस्ट व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीत कायदा शिकत होता. त्यांची टीम लाफायेट कॉलेजशी खेळली, आणि लगेच पुढच्या मॅचला हा गडी चक्क लाफायेटच्या जर्सीत! पेनसिल्व्हेनियाची लांबलचक विजयमालिका ६–४ ने मोडायला हातभार लावला आणि स्वारी पुन्हा वेस्ट व्हर्जिनियाच्या वर्गात हजर. कायद्याचा विद्यार्थी, पळवाट सापडणारच!

बफेलोची टीम आली ती तोऱ्यात. त्यांनी त्याच सीझनमध्ये कोलंबियाला हरवलं होतं, त्यामुळे भाव वधारलेला. पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल! अ‍ॅन आर्बरला म्हैस पाण्याबाहेर आली आणि स्कोअर लागला १२८–०.

बाकीच्यांचीही हालत बघा. बेलॉइट ८९–०. केस ५७–०. आल्बियन ५०–०. त्यातल्या त्यात अब्रू राखली ओहायो स्टेटने, फक्त २१–०. आयोवाची मॅच शिकागोत होती, तीही थँक्सगिव्हिंगच्या दिवशी. त्या दिवशी अमेरिकेत घरोघरी भोपळ्याचा पाय खातात. आयोवाच्या पोरांना भोपळा मैदानातच वाढला गेला, ५०–०!

आता खरा पिक्चर. १ जानेवारी १९०२, कॅलिफोर्नियातलं पॅसाडिना. तिथे नववर्षाला फुलांनी सजवलेल्या रथांची मिरवणूक निघायची, ‘टुर्नामेंट ऑफ रोझेस’. आयोजकांना वाटलं, जोडीला एक फुटबॉल मॅच ठेवू, गर्दी वाढेल. ईस्ट विरुद्ध वेस्ट. ईस्टकडून मिशिगन, वेस्टकडून स्टॅनफर्ड. आज ज्याला ‘रोझ बोल’ म्हणतात, त्याची ही पहिली मॅच.

आणि ट्विस्ट माहीत आहे का? योस्ट आदल्याच सीझनला स्टॅनफर्डचा कोच होता! तिथे नियम झाला की कोच आपल्याच कॉलेजचा माजी विद्यार्थी हवा. योस्टला नारळ मिळाला. वर्षभरात तोच माणूस दुसऱ्यांची टीम घेऊन दारात उभा! असं टायमिंग सीरियलवाल्यांनाही जमत नाही.

बर्फाळ मिशिगनमधून आलेली पोरं कॅलिफोर्नियाच्या उन्हात वितळतील, असं वाटलं असेल कुणाला. हाफटाइमला स्कोअर १७–०. मग बांध फुटला. नील स्नोने एकट्याने पाच टचडाउन केले. मिशिगनने एकही बदली खेळाडू उतरवला नाही. सुरुवातीचे अकरा तेच शेवटचे अकरा. स्टॅनफर्डचे मात्र एकेक गडी जायबंदी होत गेले. शेवटी आठ मिनिटं शिल्लक असताना त्यांचा कॅप्टन राल्फ फिशर पुढे आला आणि म्हणाला, पुरे आता. मिशिगननेही ताणलं नाही. फायनल स्कोअर ४९–०.

गुलाबाच्या नावाने बोलावलं आणि काटे दिले! हे काटे आयोजकांना इतके बोचले की पुढच्या वर्षी त्यांनी फुटबॉलच रद्द केला. त्याजागी काय ठेवलं, माहीत आहे का? आधी पोलो. मग ‘बेन-हर’ कादंबरीच्या क्रेझमध्ये रोमन स्टाइल रथांच्या शर्यती. शहामृगं पळवली. एकदा तर उंट आणि हत्तीची रेस लावली, आणि हत्ती जिंकला! स्टॅनफर्डपेक्षा ती लढत नक्कीच चुरशीची असणार. फुटबॉल परत आला थेट १९१६ मध्ये.

इकडे मिशिगनची गाडी सुसाट. दर मिनिटाला पॉइंट, म्हणून नावच पडलं ‘पॉइंट-अ-मिनिट’ टीम. १९०१ ते १९०५ या पाच सीझन्सचा हिशोब: केले २,८२१, दिले ४२. सलग ५६ मॅचेस हार नाही. सत्तावन्नावीत शिकागोने हरवलं. स्कोअर? २–०! हजारोंचा डोलारा दोन पॉइंट्सनी पाडला.

त्या ५६ मध्ये एकच मॅच बरोबरीत सुटली, १९०३ ची, मिनेसोटाविरुद्ध, ६–६. यजमान पाण्यात काही कालवतील, या शंकेने योस्टने पाण्यासाठी तीस सेंटचा जग विकत आणवला होता. निघताना तो जग तिथेच राहिला. मिनेसोटावाल्यांनी त्यावर स्कोअर रंगवला, स्वतःचा ६ मोठ्ठा आणि मिशिगनचा बारीक! आजही या दोन टीम्स त्या जगासाठी भांडतात. ट्रॉफीचं नाव ‘लिटल ब्राउन जग’.

जाता जाता एक घरगुती भानगड. १९०१ च्या टीममधला डॅन मॅकगुगिन पुढे व्हँडरबिल्टचा नामांकित कोच झाला. तो आणि योस्ट यांनी सख्ख्या बहिणींशी लग्नं केली. गुरू-शिष्य झाले साडू! म्हणजे सासुरवाडीच्या जेवणातसुद्धा विषय फुटबॉलच असणार.

आणि हो, त्या पहिल्या मॅचनंतर मिशिगन परत रोझ बोलला कधी गेलं, माहीत आहे का? तब्बल ४६ वर्षांनी, १ जानेवारी १९४८ ला. समोर सदर्न कॅलिफोर्निया. स्कोअर ४९–०!