मोठं जॅकेट म्हणजे जास्त सुरक्षित? थंड पाण्यातल्या डायव्हिंगचा एक चिवट गैरसमज

"थंड पाण्यात उतरणार ना? मग सगळ्यात जास्त उचल असलेलं जॅकेट घे." हा सल्ला इतक्या जणांकडून आणि इतक्या ठामपणे दिला जातो, की तो आता ऐकवत नाही. तारकर्लीत, गोव्यात किंवा अंदमानात कोमट पाण्यात स्कूबा शिकलेली आपली मंडळी नोकरी-शिक्षणासाठी ब्रिटनला जातात. तिथे हिवाळ्यात लीसेस्टरशायरमधल्या स्टोनी कोव्हसारख्या, पाण्याने भरलेल्या जुन्या दगडखाणीत उतरायचं ठरवतात आणि दुकानातून 25 किलो उचलीचं जाडजूड जॅकेट उचलून आणतात. पैसे जास्त जातात ते जातातच. शिवाय एका टाकीवर डुबणाऱ्याला ते जॅकेट जास्त सुरक्षित करत नाही. अडचणीच्या वेळी तर ते उलट धोका वाढवतं.

जॅकेटचं, म्हणजे बीसीडीचं, पाण्याखालचं मुख्य काम भरपाईचं आहे. पहिली भरपाई सूटची. निओप्रीनच्या वेटसूटमध्ये वायूचे बारीक बुडबुडे असतात आणि आपण तरंगतो ते त्यांच्यामुळे. 10 मीटरवर दाब दुप्पट होतो, 30 मीटरवर चौपट. बुडबुडे त्या प्रमाणात दबतात, सूट पातळ होतो आणि त्याची तरंगशक्ती जाते. दुसरी भरपाई टाकीतल्या हवेची. हवेला वजन असतं, आणि डाइव्हच्या सुरुवातीला ते सगळं आपण सोबत नेत असतो.

आता आकडे मांडू. 7 मिलिमीटरचा वेटसूट पृष्ठभागावर 8 किलोची तरंगशक्ती देतो असं धरा. 30 मीटरवर त्यातली बरीचशी जाते. हिशेब कडक ठेवायचा म्हणून 8 च्या 8 किलो गेले असं समजू. 12 लिटरची टाकी 200 बारपर्यंत भरली की तीत 2,400 लिटर हवा असते. लिटरला साधारण 1.2 ग्रॅम धरले तर ही हवा जवळपास 3 किलोंची. बेरीज 11 किलो. दोन-तीन किलो हाताशी जादा ठेवले तरी 14 किलोंच्या आत काम भागतं. मग 25 किलो कशासाठी? इतक्या उचलीची जॅकेटं मुख्यतः दोन टाक्या आणि जड साहित्य घेऊन उतरणाऱ्यांसाठी असतात. दुकानात उचल न्यूटनमध्ये लिहिलेली दिसली तर 10 न्यूटन म्हणजे जवळपास 1 किलो धरा.

ड्रायसूट, म्हणजे आत पाणी शिरू न देणारा सूट, असेल तर हिशेब थोडा बदलतो. सूटमध्येच हवा भरता येत असल्यामुळे एरवी जॅकेटवर भार कमी पडतो. पण सूटमध्ये पाणी शिरलं तर काय, हे आधी ठरवायला हवं. ती भरपाई जॅकेट आणि खाली जाण्यासाठी वजन म्हणून घेतलेलं, टाकून देता येणारं शिसं यांनी मिळून करायची असते. आणखी एक अट लोक हटकून विसरतात. पृष्ठभागावर जॅकेट अंगातून काढलं, तर ते टाकी, टाकी बांधायची पाठीमागची पट्टी (बॅकप्लेट) आणि खिशांतल्या शिशासकट एकट्याने तरंगलं पाहिजे. सगळं शिसं जॅकेटच्याच खिशांत कोंबलं तर ही अट मोडू शकते. त्यावर पहिला उपाय म्हणजे थोडं शिसं कमरपट्ट्यावर घेणं. एवढं करूनही बेरीज जास्त येत असेल, तर जरूर मोठं जॅकेट घ्या. आक्षेप मोठ्या जॅकेटला नाही, हिशेब न करता घेतलेल्या जॅकेटला आहे.

जास्तीची उचल घातक का ठरते? उचल हाताशी आहे म्हटल्यावर शिसंही सढळ हाताने घेतलं जातं. समजा गरजेपेक्षा 5 किलो शिसं जास्त घेतलं. ते पेलायला 10 मीटरवर जॅकेटमध्ये जास्तीची 5 लिटर हवा भरावी लागते. तुम्ही नकळत 5 मीटरवर आलात तर दाब कमी होऊन तीच हवा पावणेसात लिटरच्या आसपास होते, म्हणजे पावणेदोन किलो उचल आपोआप वाढते. आणखी वर आलात की आणखी वाढते. हवा वेळेवर सोडली नाही तर माणूस वरच्या वर खेचला जातो. फुफ्फुसाला इजा आणि डीकम्प्रेशनचा आजार, हे दोन्ही धोके अशा वेगाने वर येण्यातून उद्भवतात.

त्यात थंडीची भर. दाबाखालची हवा प्रसरण पावताना थंड होते. पाणी मुळातच चार-पाच अंशांचं असेल तर हवेतली किंवा इन्फ्लेटरच्या, म्हणजे जॅकेटमध्ये हवा भरणाऱ्या, झडपेतली ओल गोठून झडप उघडीच अडकू शकते. मग जॅकेट स्वतःच फुगत जातं. 14 किलोचं जॅकेट भरलं की जादा दाब सोडणारी झडप उघडते आणि उचल तिथेच थांबते. 25 किलोचं जॅकेट मात्र पुढेही फुगत राहतं. अशा वेळी एका हाताने हवा सोडत राहायचं आणि दुसऱ्या हाताने इन्फ्लेटरची नळी काढून टाकायची. ही सवय जाड हातमोजे घालून आधी झालेली हवी. हवा भरताना बटण दाबून धरू नका, थोडी-थोडी भरा. रेग्युलेटरही थंड पाण्याचाच लागतो: युरोपीय मानक ईएन 250 नुसार 10 अंशांखालचं पाणी थंड समजलं जातं, आणि त्यात न चालणाऱ्या रेग्युलेटरवर तशी खूण असते.

बाकीचे गैरसमज एकेका ओळीत.

गैरसमज: जाड जॅकेट घातलं की थंडी कमी वाजते.
वस्तुस्थिती: ऊब सूट, टोपी आणि हातमोजे देतात, जॅकेट सूटच्या वर असतं आणि त्याच्या आत-बाहेर पाणी खेळतं.

गैरसमज: बीसीडी म्हणजे लाइफ जॅकेटच.
वस्तुस्थिती: ईएन 1809 या युरोपीय मानकाखालच्या जॅकेटच्या सूचनांमध्येच लिहिलेलं असतं, की हे जीवरक्षक जॅकेट नाही आणि पृष्ठभागावर तोंड वर राहील याची हमी ते देत नाही.

गैरसमज: डेनियर जितकं जास्त तितकं जॅकेट दणकट.
वस्तुस्थिती: डेनियर म्हणजे 9,000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, बस्स, वीण, आतला लेप आणि शिवण पाहिल्याशिवाय दणकटपणा कळत नाही.

गैरसमज: ड्रायसूट आहे, मग जॅकेटची गरज काय?
वस्तुस्थिती: ड्रायसूट निकामी झाला तर जॅकेट हाच आधार, पाण्याखाली तरंगशक्ती कशाने सांभाळायची यावर प्रशिक्षण संस्थांच्या पद्धती वेगळ्या आहेत, पण जॅकेट घ्यावं यावर दुमत नाही.

गैरसमज: समुद्रातलं शिसं तळ्यातही तेवढंच लागतं.
वस्तुस्थिती: समुद्राचं पाणी सुमारे अडीच टक्के जड असतं, म्हणून साहित्यासकट 100 किलोच्या डायव्हरला आइसलंडच्या सिल्फ्रासारख्या गोड्या पाण्यात अडीच किलो शिसं कमी पुरतं.

दणकटपणा महत्त्वाचा आहेच. स्कॉटलंडमधल्या स्कापा फ्लोमध्ये 1919 साली जर्मन खलाशांनी स्वतःच बुडवलेल्या युद्धनौकांच्या गंजक्या कडांवर कापड घासलं जातं. पण जॅकेटची खरी परीक्षा कापडापेक्षा झडपा, नळीचे सांधे आणि इन्फ्लेटर यांत होते. आत राहिलेल्या खाऱ्या पाण्याचे स्फटिक झडपेत बसले की महागातलं कापडही उपयोगाचं राहत नाही. म्हणून प्रत्येक डाइव्हनंतर जॅकेटमध्ये गोडं पाणी भरून, हलवून, काढून टाका.

खरेदीला जाताना 5 मिलिमीटरचे हातमोजे बरोबर घ्या आणि दुकानातच हाताला चढवा. जॅकेट अंगावर घालून डोळे मिटा. हवा भरायचं बटण आणि सोडायचं बटण वेगळं कळतंय का? उजव्या खांद्यावरची आणि कमरेमागची हवा सोडायची दोरी पहिल्या प्रयत्नात हाताला लागते का? बकल सुटतं का? शिशाचा खिसा एका हिसक्यात निघतो का? इन्फ्लेटरची नळी न बघता काढता येते का? यांतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं, तर ते जॅकेट कितीही भक्कम दिसत असलं तरी परत ठेवा.

पण जॅकेट विकत घेण्याआधी, भाड्याच्या जॅकेटवरच्या एका डाइव्हच्या शेवटी, टाकीत 50 बार उरलेले असताना, जॅकेट पूर्ण रिकामं करून 5 मीटरवर स्थिर राहता येतं का ते पाहा. खाली जायला लागलात तर शिसं जास्त आहे. ते कमी करा, किती उचल लागते ते पुन्हा मांडा, आणि त्या आकड्याचं जॅकेट निवडा. दुकानदार मोठं जॅकेट सुचवत असेल, तर हा हिशेब त्याच्यासमोर ठेवा.